आकडे खरे, पण चित्र खरं आहे का?

ताळेबंदाखाली ऑडिटर सही करतो आणि लिहितो, 'हे हिशेब खरं आणि रास्त चित्र दाखवतात.' या दोन शब्दांच्या भरवशावर लाखो कुटुंबं आपली पुंजी बँकेत ठेवतात. पण या शब्दांचा नेमका अर्थ काय?

जयपूरहून आग्र्याच्या रस्त्याला लागलं की पंधराएक किलोमीटरवर कानोता नावाचं गाव लागतं. गावात किल्ला आहे, ठाकुरांचं जुनं घराणं आहे आणि या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या जपलेला एक अजब खजिना आहे. हिरे-माणकं नव्हेत, तर चक्क वह्या! एकूण ८९ खंड. ठाकूर अमरसिंह यांनी १८९८ पासून १९४२ पर्यंत, तब्बल ४४ वर्षं लिहिलेली ही रोजनिशी. लष्करातली नोकरी, चीनची मोहीम, पहिल्या महायुद्धातलं फ्रान्स, जयपूरचा दरबार, घरातली लग्नकार्यं आणि रुसवेफुगवे... सगळं त्यात आहे. सुझान आणि लॉइड रुडॉल्फ या अमेरिकन अभ्यासक दांपत्यानं मोहनसिंह कानोता यांच्यासोबत त्यातल्या सुरुवातीच्या वर्षांचा निवडक भाग २००० साली पुस्तकरूपानं जगापुढे आणला.

रोजनिशीचं एक बरं असतं. ती लिहिणाऱ्याची स्वतःची असते. त्याला जे दिसलं ते त्यानं लिहिलं, जे नको वाटलं ते गाळलं. एखादं भांडण लिहायचं राहून गेलं म्हणून कुणाचं घर बुडत नाही.

पण दुसऱ्या प्रकारचीही एक वही असते. ती लिहितो एक आणि तिच्या भरवशावर पैसे लावतात हजारो. कंपनीची, बँकेची, पतपेढीची हिशेबाची वही! तिच्यात एखादी गोष्ट लिहायची 'राहून गेली' तर मात्र घरंच्या घरं बसतात. म्हणूनच या वहीला कायद्यानं एक अट घातली आहे. हिशेब नुसते खरे असून भागत नाही, ते रास्तही असले पाहिजेत. चार्टर्ड अकाउंटंट मंडळी याला 'ट्रू अँड फेअर व्ह्यू' म्हणतात.

आता कुणी म्हणेल, खरं ते खरं! त्यात पुन्हा रास्त-बिस्त काय?

स्थळ सांगून आलं...

समजा, एखाद्या घरी मुलीसाठी स्थळ सांगून आलं. मध्यस्थ सांगतो, 'मुलगा चांगल्या कंपनीत आहे. पगार ऐंशी हजार. ठाण्यात स्वतःच्या नावावर फ्लॅट आहे. दारात गाडी आहे.' मुलीकडचे चौकशी करतात. प्रत्येक गोष्ट खरी निघते. पगाराची स्लिप खरी, फ्लॅटचा करारनामा खरा, गाडीचे कागद खरे.

लग्न होतं आणि दुसऱ्याच महिन्यात कळतं की फ्लॅटच्या हप्त्यापोटी पंचेचाळीस हजार जातात, गाडीच्या हप्त्यापोटी पंधरा हजार. शिवाय मित्राच्या धंद्यातल्या कर्जाला मुलगा जामीन राहिलाय आणि मित्रानं हप्ते थकवलेत. मध्यस्थ खोटं बोलला का? एक शब्दही नाही! पण त्यानं उभं केलेलं चित्र रास्त होतं का? मुळीच नाही.

खरं आणि रास्त यातला फरक तो हाच. सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी असली पाहिजे, हे झालं पहिलं. ज्यावर ऐकणाऱ्याचा निर्णय बदलेल अशी कुठलीही मोठी गोष्ट झाकून ठेवलेली नसावी आणि सगळं मिळून मनात उभं राहणारं चित्र वस्तुस्थितीशी जुळावं, हे झालं दुसरं.

हिशेबाच्या भाषेत बोलायचं तर एखाद्या किराणा दुकानदाराचं उदाहरण घ्या. ३१ मार्चला तो हिशेब मांडतो. दुकानात दोन लाखांचा माल, गिऱ्हाइकांकडे पन्नास हजारांची उधारी. दोन्ही आकडे वहीत आहेत, पावत्याही आहेत. पण मालातली तीस हजारांची बिस्किटं मुदत उलटलेली आहेत आणि उधारीतले वीस हजार ज्याच्याकडे अडकलेत तो माणूस गाव सोडून गेला आहे. खरेदीचा आकडा खरा, उधारीची नोंद खरी. पण जी बिस्किटं फेकून द्यायची आहेत आणि जी उधारी कधीच यायची नाही, ती मालमत्तेत धरायची कशी? म्हणून रास्त हिशेबात हे पन्नास हजार नुकसान म्हणून आधीच वजा होतात. याला 'तरतूद' म्हणतात. होऊ घातलेलं नुकसान आधी धरायचं आणि नफा मात्र पदरात पडल्याखेरीज मोजायचा नाही, हा हिशेबशास्त्रातला जुना शहाणपणा आहे.

एक मंगळवार, एक एसएमएस

हा सगळा पुस्तकी काथ्याकूट वाटत असेल तर मुंबईतला २४ सप्टेंबर २०१९ चा मंगळवार आठवा. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, म्हणजेच पीएमसी बँकेच्या खातेदारांच्या मोबाइलवर सकाळी संदेश आला. रिझर्व्ह बँकेनं आदल्याच दिवशी बँकेवर निर्बंध लादले होते. खात्यात लाखो रुपये असोत, सहा महिन्यांत काढता येणार होते फक्त एक हजार! शाखांसमोर रांगा लागल्या. त्या रांगांमध्ये निवृत्त माणसं होती, छोटे दुकानदार होते, शाळा-कॉलेजच्या फीसाठी पैसे काढायला आलेले पालक होते. कित्येक गृहनिर्माण सोसायट्यांचा पैसाही याच बँकेत होता.

ही काही कोपऱ्यातली पतपेढी नव्हती. १९८४ साली सुरू झालेल्या या बँकेच्या १३७ शाखा होत्या, ठेवी सुमारे ११,६०० कोटींच्या होत्या आणि ठेवीदार नऊ लाखांहून अधिक होते. आणि हिशेब? अगदी झकास! ३१ मार्च २०१९ ला संपलेल्या वर्षाच्या हिशेबात सुमारे १०० कोटींचा नफा दिसत होता. थकीत कर्जांचं प्रमाण होतं अवघं ३.७६ टक्के. असे आकडे पाहून कुणीही निर्धास्त व्हावं!

मग सहा महिन्यांच्या आत असं काय घडलं? खरं तर नवीन काहीच घडलं नव्हतं. जे वर्षानुवर्षं घडत होतं ते फक्त उघडकीस आलं. बँकेचे व्यवस्थापकीय संचालक जॉय थॉमस यांनी रिझर्व्ह बँकेला पत्र लिहून स्वतःच सगळं सांगितलं. बँकेच्या एकूण कर्जांपैकी जवळजवळ पाऊणपट, म्हणजे ६,५०० कोटींच्या आसपास रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती. हा समूह हप्ते भरत नव्हता. नियम सांगतो की हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की ते कर्ज थकीत म्हणून दाखवायचं, त्यापोटी तरतूद करायची. तसं केलं असतं तर नफा तर सोडाच, बँकेचं सगळं भांडवलच धुऊन निघालं असतं.

म्हणून ही ४४ कर्जखाती तपासणीला येणाऱ्यांच्या नजरेआड ठेवण्यात आली आणि त्यांच्या जागी २१,०४९ बनावट खाती उभी राहिली. लहान लहान रकमांची, वेगवेगळ्या नावांची. बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत ही खाती नव्हतीच! ती होती फक्त रिझर्व्ह बँकेला दिल्या जाणाऱ्या यादीत. कशासाठी? तर बेरीज जुळावी म्हणून!

इथंच मेख आहे. बेरीज जुळते म्हणून हिशेब बरोबर, असं आपल्याला शाळेपासून वाटत आलंय. पीएमसीच्या यादीतली बेरीज जुळत होती. कर्ज दिलंय हेही खोटं नव्हतं. खोटं होतं ते एवढंच की ते कुणाला दिलंय आणि ते परत येतंय का. आणि ठेवीदाराला माहीत असायला हवं होतं ते नेमकं हेच!

मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं बँकेच्या अधिकाऱ्यांना आणि एचडीआयएलच्या प्रवर्तकांना अटक केली. पुढे बँकेचे हिशेब तपासणाऱ्या ऑडिटरांपैकी दोघांनाही अटक झाली. दोषी कोण आणि किती, हे ठरवणं न्यायालयाचं काम. ठेवीदारांच्या वाट्याला मात्र ताबडतोब शिक्षा आली. पैसे काढण्याची मर्यादा हजारावरून टप्प्याटप्प्यानं एक लाखापर्यंत वाढत गेली. जानेवारी २०२२ मध्ये पीएमसी बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवी विम्यातून मिळाल्या. त्यावरची रक्कम हप्त्याहप्त्यानं, दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीत परत करायची, असं ठरलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला दहा वर्षं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

बुडती जहाजं, वाहता लाभांश

पीएमसीच्या प्रकरणात सरळसरळ खोट्या नोंदी होत्या. पण एकही नोंद खोटी न करता फसवं चित्र उभं करता येतं का? येतं! त्याचा सर्वांत गाजलेला दाखला सुमारे शंभर वर्षांपूर्वीच्या लंडनमधला आहे.

रॉयल मेल स्टीम पॅकेट ही त्या काळची बडी जहाज कंपनी. लॉर्ड किल्संट तिचे अध्यक्ष. पहिल्या महायुद्धात कंपनीनं खोऱ्यानं पैसा ओढला आणि त्यातला बराचसा गुप्त गंगाजळीत टाकला. पुढे धंदा बसला. जहाजं तोट्यात चालू लागली. पण भागधारकांना मात्र दरवर्षी लाभांश मिळतच होता. कसा? तर जुन्या गंगाजळीतून पैसा उचलून तो नफ्यात मिसळला जात होता. हिशेबपत्रकात एक मोघम ओळ असायची की करापोटीच्या राखीव निधीतली फेरफार धरून हा नफा आहे. वाचणाऱ्याला वाटायचं, कंपनी उत्तम चाललीय. प्रत्यक्षात ती बापजाद्यांच्या पुंजीवर दिवाळी साजरी करत होती!

१९३१ साली लॉर्ड किल्संट आणि कंपनीचे ऑडिटर हॅरॉल्ड मोर्लंड यांच्यावर खटला भरला गेला. निकाल मोठा विचित्र लागला. हिशेबपत्रकांबद्दलच्या आरोपातून दोघेही सुटले. मोघम का होईना, ती ओळ तिथं होती आणि तसं करण्याची त्या काळी रीतच होती. किल्संट यांना बारा महिन्यांची कैद झाली ती १९२८ साली कर्जरोखे विकताना काढलेल्या फसव्या माहितीपत्रकाबद्दल. त्या माहितीपत्रकातले आकडेसुद्धा एकेक करून पाहिले तर खरेच होते. पण सगळे मिळून वाचणाऱ्याची फसगत करत होते.

या खटल्यानं ब्रिटनमधल्या हिशेबनीसांची झोप उडवली. तोवर कायद्यातले शब्द होते 'खरं आणि अचूक'. अचूक म्हटलं की बेरीज-वजाबाकी आली, वहीशी ताळा आला. पण वहीशी ताळा जुळूनही माणूस फसतो, हे रॉयल मेलनं दाखवून दिलं होतं. अखेर १९४७ साली ब्रिटिश कंपनी कायद्यात 'अचूक' जाऊन 'रास्त' आलं.

आपल्याकडेही तसंच झालं. १९१३ च्या भारतीय कंपनी कायद्यात 'खरं आणि अचूक' असे शब्द होते. स्वातंत्र्यानंतर १९५६ चा कंपनी कायदा आला तेव्हा ते 'खरं आणि रास्त' झाले. आज लागू असलेल्या २०१३ च्या कायद्यातही तेच शब्द आहेत. कलम १२९ कंपनीच्या संचालकांना बजावतं की हिशेब खरं आणि रास्त चित्र दाखवणारे असले पाहिजेत. कलम १४३ ऑडिटरला सांगतं की ते तसे आहेत की नाहीत, याबद्दल तू मत दे.

गंमत म्हणजे 'खरं आणि रास्त' याची नेमकी व्याख्या कायद्यात कुठंच दिलेली नाही. हिशेबाचे मानदंड पाळा, परिशिष्टाच्या नमुन्यात आकडे मांडा, हे कायदा सांगतो. पण शेवटी चित्र रास्त आहे का, हे ठरवायला माणसाची विवेकबुद्धीच लागते. मेजपट्टीनं मापता येण्याजोगी ही वस्तूच नव्हे.

ऑडिटर काय सांगतो, काय सांगत नाही

सर्वसामान्य माणसाची समजूत अशी की ऑडिटरनं सही केली म्हणजे प्रत्येक पावती तपासली, प्रत्येक रुपया मोजला, सगळं पक्कं! तसं नसतं. मोठ्या बँकेत वर्षाला कोट्यवधी व्यवहार होतात. ऑडिटर त्यांतले नमुने निवडून तपासतो. जिथं धोका जास्त तिथं जास्त खोल जातो. म्हणूनच त्याच्या अहवालात 'आमच्या मते' हे शब्द असतात. तो मत देतो, हमी देत नाही.

हे मत चार प्रकारचं असू शकतं. सगळं ठीक असेल तर निर्वेध मत. बाकी ठीक, पण अमुक एका बाबतीत आक्षेप असेल तर सशर्त मत. हिशेबांवर विश्वास ठेवण्यासारखं नाहीच असं वाटलं तर प्रतिकूल मत. आणि पुरेसे पुरावेच मिळाले नाहीत तर 'आम्ही मत देऊ शकत नाही' असं चक्क लिहून देणं. अहवालाची नुसती शेवटची सही पाहू नये. मधल्या परिच्छेदात 'वगळता' किंवा 'च्या अधीन राहून' असे शब्द आले की तिथं बोट ठेवून थांबावं!

१८९६ मध्ये किंग्स्टन कॉटन मिलच्या खटल्यात इंग्लंडमधल्या न्यायमूर्ती लोप्स यांनी म्हटलं होतं की ऑडिटर हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे. ऑडिटर मंडळींना हे वाक्य फार आवडतं. पण राखणदारानं निदान भुंकायला तरी हवं ना? जानेवारी २००९ मध्ये हैदराबादच्या सत्यम कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कबुलीपत्र लिहिलं. कंपनीच्या ताळेबंदात ५,३६१ कोटी रुपये रोख आणि बँकेत दाखवले होते. त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते! बँकेतली शिल्लक खरी आहे का, हे थेट बँकेला विचारून पाहणं हा तपासणीतला अगदी पहिला धडा. तिथंच राखणदाराला डुलकी लागली होती. ऑडिटरांवर वेगळी देखरेख ठेवणारं राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण २०१८ साली स्थापन झालं, त्यामागे सत्यमसारखे अनुभव होते.

आपल्या हातात काय?

'हे सगळं मोठ्या लोकांचं. आमचं काय? आमची सोसायटी, गावची पतपेढी आणि चार ठेवपावत्या!' असं म्हणून पान उलटू नका. ताळेबंद तुमच्याही हातात येतो. सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते आणि त्याआधी अहवालाचं पुस्तक सभासदांना मिळतं. बहुतेक घरांत ते रद्दीत जातं. यंदा जाऊ देऊ नका. चष्मा लावा आणि अर्धा तास बसा.

आधी ऑडिटरचा अहवाल वाचा. मत निर्वेध आहे की सशर्त, ते पाहा. मग ताळेबंदाखालच्या टिपा वाचा. बारीक टायपात छापलेल्या या टिपांमध्येच खरी कथा दडलेली असते. कुणाला जामीन राहिलोय का, कुठला दावा चालू आहे का, संचालकांना किंवा त्यांच्या नातलगांना कर्ज दिलंय का, हे तिथं कळतं. ३१ मार्चनंतर पण सही होण्याआधी काही मोठं घडलं असेल तर तेही तिथं सांगावं लागतं. गोदामाला एप्रिलमध्ये आग लागली आणि ताळेबंदावर सही जूनमध्ये झाली तर 'मार्चअखेर गोदाम शाबूत होतं' एवढं म्हणून सुटता येत नाही.

त्यानंतर गेल्या वर्षाचे आकडे शेजारी ठेवा. नफा वाढलाय, पण रोकड घटलीय का? येणं फुगत चाललंय का? ऑडिटर मुदतीआधीच बदलला का? पैसा एकाच ठिकाणी अडकलाय का? सोसायटीचा दुरुस्ती निधी बारा लाख आहे असं लिहिलं असेल तर तो कुठल्या बँकेत आहे, कुणाच्या सहीनं निघतो, हे सभेत विचारा. असं विचारल्यानं कुणावर अविश्वास दाखवला जात नाही. सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे.

आणि शेवटची गोष्ट. बँक ठेवींवरच्या विम्याची मर्यादा पीएमसी कोसळली तेव्हा एक लाख होती. फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख झाली. २०२१ च्या दुरुस्तीनुसार बँकेवर निर्बंध आले तर विम्याची रक्कम नव्वद दिवसांत मिळण्याची तरतूद झाली. पण हा विमा बँकेतल्या ठेवींना आहे, पतपेढीतल्या ठेवींना नाही. एका बँकेत एका माणसाच्या सगळ्या खात्यांवर मिळून ही मर्यादा आहे, तेव्हा जन्माची सगळी कमाई एकाच दारात नेऊन ठेवू नये.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपल्याकडे वहीची पूजा होते, तशीच जयपूरच्या पेढ्यांवरही होते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर हळदकुंकू वाहतात, स्वस्तिक काढतात. वही हे लक्ष्मीचं रूप, तिच्यात खोटं लिहायचं नाही, ही त्यामागची भावना. ती पाळणारे पुष्कळ आहेत. जे पाळत नाहीत त्यांच्यासाठी कायदा आहे, ऑडिटर आहे. पण कानोताच्या त्या ८९ वह्या अखेर कुणीतरी चिकाटीनं वाचल्या म्हणूनच त्यातलं जग बाहेर आलं. तुमच्या पतपेढीचा अहवालही कुणीतरी वाचायलाच हवा. त्यात पैसे तुमचे आहेत, म्हणून पहिली पाळी तुमची!